अकरानंतर बहिणीचं वायफाय बंद करावं का?

प्रश्न: सिंहगड रस्त्यावर आई-वडील आणि धाकट्या बहिणीसोबत राहणाऱ्या २७ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. नोकरी हिंजवडीत, घरी यायला साडेआठ वाजतात. साडेनऊपासून ते शाळेतल्या तीन मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळतात. एक मित्र नागपूरला, एक बंगळूरला, एक नाशिकला, आणि चौघांची भेट आता एवढीच. अकरापर्यंत पिंग, म्हणजे संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, वीस-पंचवीस असतो. मग वडील हॉलमध्ये झोपतात म्हणून हे लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत जातात, हेडफोन लावतात, आणि पुढच्या दहा मिनिटांत पिंग दीडशे-तीनशेच्या घरात उड्या मारायला लागतो. बहीण एमपीएससीची तयारी करते. नारायण पेठेतल्या अभ्यासिकेतून दहाला घरी येते आणि जेवता जेवता लेक्चर लावते, ते साडेबारापर्यंत चालतं. गेले दोन आठवडे या वाचकांनी राउटरमध्ये जाऊन तिचा फोन आणि टॅब रात्री अकरा ते एक ब्लॉक केला आहे. "पहिले दोन-तीन दिवस फरक वाटला, मग पुन्हा तेच." बहीण काही बोलत नाही, मोबाइल डेटावर लेक्चर बघते. आई मात्र चिडली आहे. कंपनी म्हणते, स्पीड बरोबर आहे. प्रश्न तीन आहेत: ब्लॉक चालू ठेवावा का, १०० चा प्लॅन ३०० एमबीपीएसचा करावा का, की स्वतःपुरतं वेगळं कनेक्शन घ्यावं?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना फक्त घड्याळाच्या वेळांखाली रेघ मारत गेलो. बहीण दहाला लेक्चर लावते. लॅग, म्हणजे गेमचं अडखळणं, अकराला सुरू होतो. मधला एक तास ती लेक्चर बघत होती आणि तुम्ही पंचवीसच्या पिंगवर मजेत खेळत होतात. मग अकराला तिने असं काय केलं, जे दहाला करत नव्हती?

तिचं लेक्चर बऱ्यापैकी स्वच्छ दिसत असेल तर दोन-तीन एमबीपीएस घेत असेल. तुमची लाइन १०० ची आहे. गेमची भूक तर त्याहून कमी, त्याला एक एमबीपीएसही सहसा लागत नाही. तुम्ही दोघं मिळून लाइनीचा कोपरासुद्धा भरत नाही. पहिले दोन-तीन दिवस फरक वाटला, हे मी खोटं म्हणत नाही. पण लॅग रोज सारखा नसतो, आणि एखादा उपाय केल्यावर आपण चांगले दिवस मोजतो. उपाय खरा असता तर चौथ्या दिवशीही टिकला असता.

आता अकराला खरोखर काय काय बदलतं ते बघू. तुमच्याच पत्रात ते आहे, फक्त तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे. तुम्ही जागा बदलता. राउटर हॉलमध्ये, तुम्ही आतल्या खोलीत. दार बंद. मध्ये एक-दोन भिंती, आणि तुमचं घर माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांसारखं असेल तर त्यातल्या एका भिंतीला टेकून लोखंडी कपाट. वायफायच्या लहरींना विटांची भिंत थोडी अडवते, सळ्यांचं काँक्रीट जास्त अडवतं, आणि लोखंडी पत्रा त्यांना जवळजवळ परतच पाठवतो. हॉलमध्ये तुमचा लॅपटॉप बहुधा ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर असतो. आत गेल्यावर तो बँड पोचत नाही आणि लॅपटॉप न विचारता २.४ वर उतरतो. २.४ लांब जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. रात्री अकराला वायफायची यादी उघडून बघा, शेजारपाजारच्या किती राउटरची नावं दिसतात ते. ती सगळी त्याच तीन चॅनलवर पाळी लावून बोलत असतात.

शिवाय हेडफोन. आई-वडिलांची झोप मोडू नये म्हणून तुम्ही ते लावता, हे चांगलंच आहे. पण ते ब्लूटूथचे असतील तर ब्लूटूथसुद्धा त्याच २.४ गिगाहर्ट्झमध्ये चालतं. म्हणजे तुमच्याच लॅपटॉपचे दोन रेडिओ एका अरुंद बोळात एकमेकांना खांदे मारत असतात. आज रात्री वायरचे साधे इअरफोन लावून बघा, त्याला काही खर्च नाही.

अकराला घरात आणखी एक गोष्ट होते, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही: फोन चार्जिंगला लागतात.

हे मी माझ्याच घरातल्या अनुभवावरून सांगतो. मागच्या वर्षी माझ्या रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर आवाज तुटायला लागला. मीही आधी मुलाच्या सिनेमांना दोष दिला. मग एके रात्री लॅपटॉप राउटरला वायरने जोडला, पिंग चालू ठेवला आणि आकडे बघत बसलो. ९, ८, ९, ११, ८. शांत. सव्वाअकराला बायकोने स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी फोन चार्जिंगला लावला. मिनिटभरात आकडे ४०, १९०, ३६०, ४१० झाले. तिने फोन काढला, आकडे परत ९ वर. पुन्हा लावला, पुन्हा चारशे. तिच्या बहिणीकडच्या बारशाचे व्हिडिओ होते, ते फोन इमानाने क्लाउडवर चढवत होता. आम्ही दोघं त्या फोनकडे बघत राहिलो.

यामागचं कारण समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथे आहे. स्पीड म्हणजे रस्ता किती रुंद आहे. पिंग म्हणजे तुमची स्कूटर जाऊन परत यायला किती वेळ लागतो. रस्ता मोकळा असेल तर स्कूटरला तो चार पदरी आहे की आठ पदरी, याने काही फरक पडत नाही. पण नवले पुलाखाली कंटेनरची रांग लागली की स्कूटरही त्यांच्यामागे उभी. मोठा व्हिडिओ अपलोड होत असतो तेव्हा राउटर त्याच्या डेटाची पाकिटं रांगेत साठवत जातो, आणि तुमच्या गेमचं चिमुकलं पाकीट त्याच रांगेच्या शेपटाला लागतं. अनेक प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडपेक्षा कमी असतो, त्यामुळे ही रांग अपलोडच्या बाजूला लवकर लागते. तुमच्या गेमचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो. पाकीट रांगेत ३०० मिलिसेकंद अडकलं, तर तेवढ्यात सर्व्हरने जवळजवळ चाळीस वेळा खेळ पुढे नेलेला असतो. आडोशामागे पोचल्यावरही गोळी लागते ती अशी.

म्हणून कंपनीचं "स्पीड बरोबर आहे" हे उत्तर खरं असू शकतं आणि तरीही तुमच्या कामाचं नसतं. त्यांनी रुंदी मोजली, तुम्ही वेळ विचारत होतात.

वडिलांचा फोन हॉलमध्येच चार्जिंगला लागतो का, त्यात फोटोंचा बॅकअप चालू आहे का, हे तपासा. आयफोन असेल तर त्याचा पूर्ण बॅकअपच मुळी चार्जिंगला, वायफायवर आणि लॉक असताना होतो. व्हॉट्सअॅपचा रोजचा बॅकअप अँड्रॉइडवर सहसा पहाटे दोनला निघतो, तो तुमचा गुन्हेगार नाही, पण जे दोनपर्यंत जागतात त्यांनी लक्षात ठेवावा. तुमचा लॅपटॉपसुद्धा निर्दोष समजू नका. विंडोजच्या अपडेटच्या सेटिंगमध्ये "इतर कॉम्प्युटरना अपडेट द्या" अशा अर्थाचा एक पर्याय असतो, तो बंद करा. गेमच्या लाँचरची डाउनलोडं सकाळी सहाच्या वेळेला लावून ठेवा.

आता हे अंदाज झाले. मला पत्रातून तुमचं घर दिसत नाही, म्हणून तीन रात्री मोजा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत तुमच्या राउटरलाच पिंग करा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, त्याच खिडकीत ipconfig लिहिलं की "डीफॉल्ट गेटवे" या नावापुढे मिळेल. दुसरीत ८.८.८.८ ला, हा घराबाहेरचा गूगलचा सर्व्हर. आधी ping, मग पत्ता, आणि पिंग सतत चालू राहावा म्हणून पत्त्यानंतर जागा सोडून डॅश आणि टी टाका, सगळं इंग्रजी अक्षरांत. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून खेळा.

पहिल्या रात्री काहीही बदलू नका. नेहमीसारखे आतल्या खोलीत जा. राउटरचाच पिंग शंभरावर जायला लागला, तर प्रश्न तुमच्या खोलीपासून हॉलपर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांत आहे. त्यात ना कंपनीचा हात, ना बहिणीचा. राउटरचा पिंग चार-पाचवर शांत आणि बाहेरचा उड्या मारतोय, तर रांग राउटरच्या पलीकडच्या तोंडाशी किंवा कंपनीकडे आहे. दुसऱ्या रात्री लॅपटॉप वायरने जोडा. त्या रात्रीपुरतं हॉलमध्ये, वडिलांच्या दिवाणाशेजारी बसून आवाज न करता खेळावं लागलं तरी चालेल. तिसऱ्या रात्री वायर तशीच ठेवा आणि घरातल्या सगळ्या चार्जिंगच्या फोनांचं वायफाय अर्धा तास बंद करा. बहिणीचा टॅब मात्र चालूच राहू द्या. तो चालू असताना पिंग पंचवीसवर राहिला, तर तुमच्या दोन आठवड्यांच्या ब्लॉकचं उत्तर तुम्हाला मिळालं.

सोबत एकदा फोनवर ऊक्लाची स्पीडटेस्ट करा आणि मोठे आकडे सोडून खालचे छोटे बघा. तिथे पिंग तीन वेळा दाखवलेला असतो: लाइन रिकामी असताना, डाउनलोड चालू असताना आणि अपलोड चालू असताना. रिकाम्या लाइनीवर १० आणि अपलोडमध्ये ३५० असेल, तर रांगेचा रोग आहे, हे एका मिनिटात कळतं.

माझा कौल विचाराल तर पहिला खर्च लॅन केबलचा करा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कॅट-६ ची वीस मीटरची तयार केबल काही शे रुपयांत मिळते. शंभर मीटरपर्यंत या केबलला काही होत नाही, तेव्हा लांबीची चिंता नको. स्कर्टिंगच्या कडेने क्लिपा मारत न्या, दाराखालून आत घ्या. आईला आधी विचारा. हॉलमधून लोंबणारी वायर हा घरातला नवा वाद होऊ नये. "गेमिंग" लिहिलेला दहा-पंधरा हजारांचा राउटर घ्यायचा मोह होईल, पण लोखंडी कपाटासमोर त्याच्या आठ अँटेनाही तेवढ्याच हतबल असतात. कपाट हलवता येत असेल, किंवा राउटर टीव्हीच्या मागून काढून उंच जागी ठेवता येत असेल, तर ते आधी करा.

फोनच्या बॅकअपवर उपाय सोपा आहे, पण एक विनंती: वडिलांचा बॅकअप बंद करून टाकू नका. फोन हरवला तर त्यातले फोटो परत मिळत नाहीत. त्यांना सांगा की दुपारी तासभर फोन चार्जिंगला लावा, म्हणजे रात्रीपर्यंत चढवायचं काही उरत नाही. कायमचा उपाय हवा असेल तर ज्या राउटरमध्ये "एसक्यूएम" ही सोय आहे असा घ्या, आणि त्यात अपलोड-डाउनलोडची मर्यादा तुमच्या मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. मग रांग राउटर स्वतः सांभाळतो आणि छोट्या पाकिटांना पुढे काढतो. कंपनीने दिलेल्या डब्यात ही सोय सहसा नसते. पैसे खर्चायचेच असतील, तर ते मी इथे खर्चीन.

३०० चा प्लॅन? त्याने अपलोड वाढला तर रांग लवकर ओसरेल, एवढा फायदा खरा. पण आतल्या खोलीतलं वायफाय त्याने सुधारणार नाही, आणि पुणे-मुंबई अंतरही कमी होणार नाही. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई दीडशे किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन दीड-दोन मिलिसेकंद. बाकीचे वीस मधली यंत्रं घेतात, आणि ती प्लॅन बघत नाहीत. सिंगापूर मात्र सरळ रेषेतच पावणेचार-चार हजार किलोमीटर आहे. तिथे जाऊन यायला चाळीसेक मिलिसेकंद निव्वळ अंतरच खातं, आणि समुद्राखालच्या केबलचा वळसा धरला तर आणखी. म्हणून गेमच्या लॉबीत मुंबईसोबत सिंगापूरवरही टिक राहिली आहे का, ते बघून घ्या. रात्र चढत जाते तसे खेळाडू कमी होतात आणि सामना दूरच्या सर्व्हरवर लागू शकतो. ओळखायची खूण अशी: पिंग जास्त पण स्थिर असेल, समजा सतत ऐंशी, तर ते अंतर आहे. साठवरून तीनशे, परत साठ, असा उड्या मारत असेल तर ती रांग किंवा वायफाय. तुमच्या वर्णनात उड्या आहेत, त्यामुळे सिंगापूरवर माझा संशय कमी आहे.

वेगळ्या कनेक्शनचा विचार तेव्हाच करा, जेव्हा वायर लावून, सगळे फोन बंद ठेवूनही बाहेरचा पिंग बिघडतो. तसं असेल तर दोष घराबाहेर आहे. फायबरच्या एका धाग्यावर सहसा ३२ किंवा ६४ घरं वाटून घेतलेली असतात, आणि खाली यायला अडीच गिगाबिट, वर जायला सव्वा गिगाबिट, एवढ्यात सगळ्यांनी भागवायचं असतं. त्याच्याही मागे कंपनीने पुढे किती क्षमता विकत घेतली आहे, हा प्रश्न उरतोच. पण अशी गर्दी आठ-साडेआठपासून जाणवते. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होऊन अकराच्या सुमाराला संपतो. सोसायटीचा भार तेव्हा सर्वांत जास्त असतो, आणि अकरानंतर तो उतरायला लागतो. तुमचा त्रास नेमका उलटा चालतो, म्हणून मी कंपनीला यादीत शेवटी ठेवलं आहे.

ज्या वाचकांचा त्रास संध्याकाळपासूनच असतो आणि मध्यरात्रीनंतर आपोआप जातो, त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. त्यांनी वायर लावून चार-पाच दिवस रात्री नऊ आणि पहाटे सहा या वेळांचे पिंग लिहून ठेवावेत, मग तक्रार करावी आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घ्यावा. "नेट स्लो आहे" असं म्हणू नका. "वायरवर, राउटरपर्यंत ३, बाहेर २५०, रोज नऊ ते बारा" असं म्हणा. येणाऱ्या माणसाला फायबरची ऑप्टिकल पॉवर, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, मोजायला सांगा. उणे २७ डीबीएमच्या खाली गेलेली असेल तर खांबावरचा एखादा जोड खराब असू शकतो, आणि आपल्याकडे वीज-टेलिफोनच्या खांबांवरून लोंबणाऱ्या केबली पाहिल्या तर त्याचं नवल वाटू नये. उत्तर समाधानकारक नसेल तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येतं. ट्रेसरूट, म्हणजे पाकीट कुठून कुठून जातं त्याची यादी, काढून मधल्या एखाद्या टप्प्यावर चांदण्या दिसल्या म्हणून त्यावर भांडू नका. अनेक राउटर अशा चौकशीला उत्तरच देत नाहीत, पुढचे टप्पे ठीक असतील तर काही बिघडलेलं नाही. दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेण्याआधी ते ज्यांच्याकडे आहे अशा शेजाऱ्यांकडे रात्री अकराला दहा मिनिटं बसून पिंग बघा. फाइव्ह-जीवरचा घरगुती डबा सिनेमांना छान आहे, पण गेमसाठी मी तो पहिल्यांदा सुचवणार नाही, हवेतल्या लाइनीचा पिंग जास्त हलतो. खराडी-हिंजवडीत काम करणाऱ्या आणि रात्री अमेरिकेशी कॉल करणाऱ्यांनीही वरचं सगळं आपल्यासाठीच समजावं. त्यांचा तुटणारा आवाज आणि तुमचा लॅग यांचं मूळ एकच असतं.

आता बहिणीबद्दल. बिल तुम्ही भरता, हे पत्रात तुम्ही दोनदा लिहिलं आहे. ते खरं असेल, पण घरातलं वायफाय हे पाण्याच्या टाकीसारखं असतं, मोटारीचं बटण ज्याच्या हाताजवळ आहे त्याने दुसऱ्याचा नळ बंद करायचा नसतो. तुमच्या खेळण्याला मी कमी लेखत नाही. शाळेतल्या मित्रांशी रोज बोलायला मिळणं ही सत्ताविसाव्या वर्षी मोठी गोष्ट आहे, ती जपा. तिचीही रात्र तेवढीच मोजकी आहे. दिवसभर अभ्यासिकेत वाचायचं, आणि लेक्चर बघायला दहा ते साडेबारा. तिच्या मोबाइल पॅकमध्ये रोजचा दीड जीबी असेल तर तो अडीच तासांच्या लेक्चरला पुरेल की नाही, याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकाल. ती गप्प आहे म्हणजे तिला चालतंय असं धरू नका. परीक्षेच्या तयारीत असलेली, अजून न कमावणारी मुलं घरात बऱ्याचदा अशीच गप्प बसतात.

तिला जाऊन सांगा की लॅगचं कारण तू नव्हतीस, माझा अंदाज चुकला. मोजणी पूर्ण होण्याची वाट बघू नका, वेळांचा हिशेब आजच पुरेसा आहे. हवं तर मोजणीला तिलाच सोबत घ्या: तुम्ही खेळाल, ती दर पाच मिनिटांनी दोन्ही खिडक्यांमधले आकडे वहीत लिहील. तीन रात्रींचं काम आहे. आणि पहिल्या रात्रीची मोजणी सुरू करण्यापूर्वी राउटरच्या ब्लॉकच्या यादीतून तिचा फोन आणि टॅब दोन्ही काढा. ती ऑनलाइन असतानाचेच आकडे उपयोगाचे आहेत.